मंजुळा गप्प बसली

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि अशी कल्पना करा, की तुमच्या तोंडात नुकतंच चुलीतून काढलेलं, भाजलेलं रताळं आहे. गिळावं तर घसा भाजेल, थुंकावं तर चारचौघांत लाज जाईल. डोळ्यांत पाणी जमलं आहे, आणि समोर आई उभी राहून विचारते आहे, "काय झालं गो? बोलत का नाय?" आता पुढची कल्पना करा. ते रताळं तुमचं नाही. दुसऱ्या कुणीतरी मोठ्या विश्वासानं सांभाळायला दिलेलं आहे. बाळकुमच्या मंजुळाचं एकदा असंच झालं, आणि त्यापायी अख्खं गाव रडलं.

मंजुळा तेव्हा सातवीत होती. बाळकुमला भातशेती होती, पण ठाण्याकडच्या अंगानं इमारतींचे खांब नुकतेच वर यायला लागले होते. गावात टपालवाला दुपारी यायचा आणि मंजुळा सकाळी. कुणाची म्हैस व्याली, कुणाच्या मुलीला पाहायला शहाडचे पाहुणे आले, कुणाच्या परसातली पपई कुणी नेली, हे शाळेत जाताना ती दारोदार सांगत जायची. तिच्या मनात वाईट काही नसायचं. पालथ्या घागरीत पाणी राहत नाही, तसं तिच्यात काही राहत नसे, इतकंच. तिचे वडील महत्त्वाचं बोलायचं असलं की आधी ती झोपली आहे का, हे पाहून यायचे. शाळेत शिवराम गुरुजी मुख्याध्यापक होते. ती पहिलीत आली त्या दिवसापासून ते रोज एकदा तरी म्हणत, "मंजुळा, गप्प बस." हजेरी घेतल्यासारखं ते वाक्य त्यांच्या अंगवळणी पडलं होतं.

त्या वर्षी सातवीच्या वर्गशिक्षिका नीलाबाई मे महिन्याच्या सुट्टीत शिक्षकांच्या एका शिबिराला जाऊन आल्या. बाई डोंबिवलीहून येत. त्यांच्या मनाला एक गोष्ट लागून राहिली होती. आदल्या वर्षी त्यांच्या वर्गातला भिवा नावाचा मुलगा हळूहळू बोलेनासा झाला, आणि दिवाळीनंतर शाळेतच आला नाही. का, ते बाईंना कळलं नाही. मागाहून समजलं, की त्याच्या बाकावरच्या मुलांना सगळं ठाऊक होतं. पण त्यांना वाटलं, आपण लहान, आपण काय बोलणार?

म्हणून शाळा सुरू झाल्यावर बाईंनी सातवीच्या मुलांना सांगितलं, "तुम्ही एकमेकांना पाढे शिकवता. सायकल शिकवता. तसंच दुसऱ्याच्या मनातलं ऐकायलाही एकमेकांकडून शिकायचं. आपल्या पाण्याच्या टाकीपाशी दगडी पायरी आहे. ज्याला जड वाटेल त्यानं मधल्या सुट्टीत तिथं जाऊन बसायचं. मग तुमच्यातला एक सोबती मी नेमीन, तो त्याच्याशेजारी जाऊन बसेल. त्यानं सांगितलं तर ऐकायचं, नाही सांगितलं तरी उठून जायचं नाही. शहाणपण शिकवायचं नाही. कुणाला मार बसत असेल, जिवाला धोका असेल, तर फक्त मला येऊन सांगायचं. एरवी जे ऐकलं ते तिथंच ठेवायचं. कुणालाही सांगायचं नाही."

"आईला पण नाय?" मंजुळानं विचारलं. वर्ग हसला.

"आईलापण नाही," बाई म्हणाल्या.

शिवराम गुरुजींना हे पटलं नव्हतं. "हे बसवायचं कुठल्या तासाला, नीलाबाई? गणितात की भूगोलात?"

"कार्यानुभवाच्या तासाला सराव घेऊ, गुरुजी."

"कार्यानुभवात मुली टोप्या विणतात, मुलं खडू करतात. शेवटी हातात काहीतरी येतं. उद्या साहेब तपासणीला आले तर ह्यातून तयार झालेलं मी काय दाखवू?"

गुरुजी स्वभावानं वाईट नव्हते. ते म्हणाले, "महिनाभर बघू. काही तयार झालं तर वेळापत्रकात घालीन."

सराव सुरू झाला. एकानं बोलायचं, दुसऱ्यानं नुसतं ऐकायचं. दामाजीनं आपल्या जोडीदाराला एक अख्खा हिंदी पिक्चर मारामारीसकट सांगितला. जोडीदार मध्यंतराच्या आधीच झोपला. तरी हळूहळू मुलांना जमू लागलं. मग बाईंनी पहिली सोबतीण म्हणून मंजुळाचं नाव घेतलं, आणि वर्गात गलका उठला.

"बाई, तिच्यापेक्षा गणपतीचा लाऊडस्पीकर लावा," दामाजी म्हणाला. "तो निदान लाईट गेल्यावर गप होतो."

"म्हणूनच तिला निवडलं," बाई म्हणाल्या. "बोलता आलं नाही की किती जड होतं, ते हिच्याइतकं कुणाला कळणार?"

मंजुळाला ते काही कळलं नाही. पण आपल्याला निवडलं, ही बातमी तिनं घरी पोचेपर्यंत वाटेत सगळ्यांना सांगितली.

पायरीवर पहिली येऊन बसली ती बायजा. बायजा तिच्याच वर्गात, तिच्याच आळीतली. मुळातच कमी बोलणारी. काही दिवसांपासून ती डबासुद्धा आणत नव्हती. मंजुळा तिच्याशेजारी जाऊन बसली आणि तोंड मिटून राहिली. तिनं मुंग्या पाहिल्या, टाकीवरचं शेवाळ पाहिलं, स्वतःच्या हातांची नखं पाहिली. सुट्टी संपली. बायजा एक शब्द बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. मंजुळानं आपली भाकरी मोडून अर्धी तिच्या हातावर ठेवली, आणि दोघी गप्प बसून जेवल्या.

त्यानंतरच्या दिवशी बायजा भाकरीकडे पाहत म्हणाली, "माझी आजी आजारी नाय."

मंजुळा ऐकत राहिली. बायजाची आई तुळसा माहेरी, दिवा गावी गेली होती, हे गावाला ठाऊक होतं. बायजाचा बाप काळुराम सांगत होता, की सासूबाई मनुबाई आजारी आहेत, म्हणून बायकोला पाठवलं.

"बापूस खोटं सांगतो," बायजा म्हणाली. "आजी ठणठणीत हाय. आयस रागावून गेली. खाडीकडची जमीन हाय ना आमची, ती बापसानं बिल्डरला देतो म्हणून सांगितलं. तिला विचारलं नाय. ती बोलली, लग्न होऊन आले तेव्हापासून त्या चिखलात मी वाकले, लावणी मी केली, कापणी मी केली, आणि विचारायच्या टायमाला मी कोणीच नाय? मग पिशवी भरली आणि गेली." तिनं भाकरीचा कोपरा मोडला. "दर वेळी जाताना सांगून जायची, कधी येणार ते. ह्या टायमाला नाय सांगितलं."

'का' आणि 'मग' हे दोन शब्द मंजुळाच्या ओठांपर्यंत येऊन परत गेले.

"बापूस बोलला, कोणाला कळता कामा नये. तू नाय ना सांगणार?"

"नाय," मंजुळा म्हणाली, आणि त्या क्षणी ते रताळं तिच्या तोंडात आलं.

आता पुढं जे घडलं, ते समजायला त्या गावची एक रीत तुम्हाला ठाऊक हवी. घरात कुणी गेलं, की त्या घरची चूल पेटवत नाहीत. शेजारीपाजारी भात-डाळ घेऊन जातात. त्यामुळे एखाद्याच्या घरी चूल पेटत नाही, असं कानावर आलं, की ऐकणारा आधी हातातलं काम खाली ठेवतो.

शनिवारी सकाळी मंजुळा आईला म्हणाली, "आज दोन भाकऱ्या जास्त दे."

तिची आई केशरबाई तव्यावरून नजर न काढता म्हणाली, "तुला एवढी भूक कधीपासून?"

"मला नाय. बायजाला."

"का गो? तिच्या घरात चूल नाय पेटत?"

खरं तर पेटत नव्हती. काळुराम रोज पहाटे फुंकणी घेऊन बसायचा, ओली लाकडं घालायचा, घरभर धूर करायचा आणि शेवटी पाव आणायला जायचा. पण 'नाही पेटत' म्हटलं, की का नाही पेटत ते सांगावं लागणार, आणि तिथून आई कुठं गेली, का गेली, हे सगळं ओघळत येणार. मंजुळानं तोंड उघडलं आणि मिटलं.

केशरबाईनं मान वळवली. "काय झालं? तिची आजी आजारी होती ना दिव्याला? कशी हाय?"

मंजुळा गप्प.

"मंजुळा, मी तुला विचारते. म्हातारी बरी हाय ना?"

"सांगायचं नाय," मंजुळा म्हणाली.

तव्यावरची भाकरी करपायला लागली. केशरबाईनं लेकीच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. ही बोलायला लागल्यापासून ती हिचं बोलणं ऐकत आली होती, पण 'सांगायचं नाय' हे शब्द त्या तोंडातून कधी आले नव्हते. तिनं तोच हात स्वतःच्या छातीवर ठेवला. "अगो बाय," ती हळूच म्हणाली, आणि भाकऱ्या बांधून दिल्या.

मंजुळा शाळेत गेली, आणि केशरबाई दगडाबाईकडे.

दगडाबाई ही गावातली वडीलधारी बाई. कुणाच्याही दुःखाला पहिली हजर. ती पोचल्याशिवाय रडण्याला सूर लागत नसे. गेलेल्या माणसाचे गुण एकेक आठवून ती असा गळा काढायची, की गेलेल्याशी आयुष्यभर भांडलेल्या माणसालाही वाटावं, आपण एक सोन्यासारखा माणूस गमावला.

"मनुबाय गेली?" ती म्हणाली. "आणि काळुरामनं कळवलं नाय?"

"जमिनीवरून भावकीशी वाजलंय त्याचं. म्हणून नसेल कळवलं," केशरबाई म्हणाली.

"रुसवा लग्नाला चालतो, केशर. मयताला नाय चालत. पण आधी खात्री करून घेऊ. पोरीला पाठव माझ्याकडं."

दुपारी दगडाबाईनं मंजुळाला पुढ्यात बसवलं आणि तिच्या हातावर खोबरं-गूळ ठेवला. "बाय, मला फक्त मान हलवून सांग. मनुबायचं काही कमीजास्त झालं काय?"

मंजुळाला मान 'नाही' अशी हलवता आली असती. पण मग दगडाबाई म्हणणार, ती बरी असेल तर तुळसा तिकडं काय करते? तिनं मानही हलवली नाही. हातातला गूळ वितळायला लागला, आणि तिला आपोआप रडू कोसळलं.

दगडाबाईनं पदर डोळ्यांना लावला. "झाली खात्री," ती म्हणाली.

रविवारी सकाळी बायका निघाल्या. कुणाच्या डोक्यावर भाताचं पातेलं, कुणाच्या हातात डाळीची बादली. डाळ साधीच, फोडणी न दिलेली. भावकीतली माणसं टोप्या घालून मागून. जमिनीच्या भांडणानंतर काळुरामच्या दाराकडं न फिरकलेली ही माणसं मान खाली घालून चालली होती. मंजुळा कधी पुढं, कधी मागं धावत होती.

"दगडामावशी, थांबा. कोणी मेलं नाय."

"तुला काय ठाऊक?"

"मला ठाऊक हाय."

"कसं ठाऊक?"

"ते सांगायचं नाय."

दगडाबाईनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "मनाला लावून घेतलंय पोरीनं," ती केशरबाईला म्हणाली. "लहान वयात पटत नाय माणूस गेल्याचं."

काळुराम तेव्हा चुलीपुढं बसून फुंकत होता. घरात धूर कोंडला होता, त्याचे डोळे लालभडक झाले होते, आणि चूल थंड होती. दारात बायका आल्या, त्यांनी हे सगळं एका नजरेत पाहिलं. ज्यांना अजून थोडी शंका होती, त्यांचीही गेली. दगडाबाईनं उंबरठ्यावर बैठक मारली आणि सूर लावला. "माझे मनुबाय गो, दिव्याचा दिवा इझला गो..."

काळुरामच्या हातून फुंकणी पडली.

त्याला काय वाटलं असेल, ह्याचा विचार करा. सासू आजारी आहे, असं त्यानं गावभर सांगितलं होतं. ती खोटी थाप होती. आणि आता गाव रडत आलं होतं. म्हणजे सासू खरोखरच गेली, गावाला कळवलं, आणि आपल्याला कळवण्याजोगं माणूसही बायकोनं समजलं नाही. तो मटकन खाली बसला. "मीच मारली तिला," तो म्हणाला. "माझ्या तोंडानं मारली." आणि तो मोठा माणूस गुडघ्यांत डोकं घालून रडायला लागला.

"तसं नको बोलू रे," भावकीतला म्हातारा पंढरी त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला. ते दोघे कित्येक दिवसांनी बोलत होते.

बायजा मागच्या दारात उभी होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता. मंजुळा गर्दीतून वाट काढत तिच्यापर्यंत पोचली.

"माझी आजी मेली?" बायजानं विचारलं.

"नाय."

"मग ह्या कशाला रडतात?"

"मी काय नाय बोलले. देवाशप्पथ."

"तूच बोललीस," बायजा म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "दामाजी बोलला होता, ती लाऊडस्पीकर हाय. मला वाटलं, नसेल." आणि तिनं पाठ फिरवली.

मंजुळा त्या पाठीकडं पाहत उभी राहिली. अंगणात जाऊन मोठ्यानं सगळं सांगून टाकलं असतं, तर रडणं तिथल्या तिथं थांबलं असतं. पण मग बायजाचं म्हणणं खरं ठरलं असतं. ती मागच्या पायरीवर, बायजापासून हातभर अंतरावर बसली. बायजानं तिच्याकडं पाहिलं नाही. मंजुळा उठली नाही. सांगितलं नाही तरी उठून जायचं नाही, असं बाईंनी सांगितलं होतं.

पुढचं मंजुळाला नंतर कळलं. दिव्याहून सुकी मासळी विकायला येणारी एक बाई त्या वेळी आळीतून चालली होती. काळुरामच्या अंगणातली रडारड तिनं लांबून पाहिली. कोण गेलं, ते विचारायला ती थांबली नाही, कारण मासळीची टोपली घेऊन मयताच्या दारात उभं राहणं बरं दिसत नाही. ती तडक दिव्याला परतली आणि तुळसाच्या पुढ्यात उभी राहिली.

"तुझ्या घरी मयत झालंय."

"कोण?" तुळसानं विचारलं.

"ते नाय कळलं. तुझा नवरा मला दिसला नाय. पोर पण नाय दिसली."

तुळसा होती तशी निघाली. पायात चपला नव्हत्या, हे तिला ठाण्याला उतरल्यावर समजलं. तिची आई मनुबाई काठी टेकत मागून आली, आणि वाटभर एकच म्हणत राहिली, "भांडण बोलून मिटवायचं होतं गो, भांडण बोलून मिटवायचं होतं."

दुपार कलली होती. काळुराम आणि भावकी दिव्याला दुखवट्याला निघायच्या तयारीत अंगणात उभी होती. कुठल्या बसनं जायचं, ह्यावर वाद चालला होता. तेवढ्यात रिक्षा थांबली. रिक्षातून मनुबाई उतरली, आणि अंगणातल्या टोप्या पाहून तिनं गळा काढला, "माझा जावय गेला गो..."

दारात दगडाबाईचा सूर चालूच होता. दारात नवं माणूस रडत आलं, की उठून त्याच्या गळ्यात पडायचं, ही रीत. डोळे पुसायला तिला सवड नव्हती. ती उठली आणि आलेल्या बाईच्या गळ्यात पडली. दोघी हुंदके देऊ लागल्या. दगडाबाई मनुबाईच्या खांद्यावर डोकं ठेवून मनुबाईसाठी रडत होती. अंगणातलं बाकीचं सगळं रडणं एकदम थांबलं होतं. तेव्हा कुठं दगडाबाईनं मान वर केली.

"मनुबाय," ती म्हणाली. "तू?"

"मी. कोण गेलं गो?"

"तू."

"मी कवा गेले?"

तुळसा तोवर घरात शिरून मागच्या दारापर्यंत पोचली होती. तिनं बायजाला उचलून घेतलं. एवढी मोठी मुलगी, पण तिनं तिला कडेवर घेतलं. मग ती अंगणात आली आणि काळुरामपुढं उभी राहिली. त्याला तिनं वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तुम्ही हाव," ती म्हणाली.

"हाय," काळुराम म्हणाला. "तू आलीस."

"कोणीतरी मेलं म्हणून आले."

"कोणी नाय मेलं." त्यानं डोळे पुसले, त्यामुळे तोंडाला काजळी लागली. "चूल पेटत नव्हती."

मनुबाई दगडाबाईचा हात धरून ओट्यावर बसली. "जावयबापू," ती म्हणाली, "मी आजारी हाय, असं गावाला कोणी सांगितलं?"

काळुरामनं भावकीकडं पाहिलं, तुळसाकडं पाहिलं. मग त्यानं स्वतःच्या तोंडानं सगळं सांगितलं. जमिनीचं, न विचारता दिलेल्या शब्दाचं, बायको निघून गेल्याचं, थापेचं. सांगताना तो दोनदा थांबला, पण कुणी मध्ये बोललं नाही. सगळे मयताला आले होते, त्यामुळे गप्प बसून ऐकायच्या तयारीत होते. शेवटी तो तुळसाला म्हणाला, "मी विचारायला पायजे होतं."

"मग आता विचारा," तुळसा म्हणाली. "सगळी बसलीत. आता विचारा."

जमिनीचं बोलणं बराच वेळ चाललं, आणि त्या दिवशी काही ते पुरं झालं नाही. पण ते तुळसाला मधोमध बसवून झालं. मध्येच मनुबाईनं झाकलेल्या पातेल्याकडं बोट केलं. "ते काय हाय?"

"तुझ्या मयताचं जेवण," केशरबाई ओशाळून म्हणाली.

"मग पहिला घास मीच खाते. वाढ." तिनं घास घेतला, चावला, आणि तोंड वाकडं केलं. "दगडे, मी मेले म्हणून डाळीत मीठ पण नाय टाकलं काय?"

तेव्हा पहिल्यांदा कुणीतरी हसलं. हसणं ओसरल्यावर पंढरी म्हणाला, "पण मनुबाय गेली, ही बातमी आणली कोणी?"

सगळ्यांनी दगडाबाईकडं पाहिलं. दगडाबाईनं केशरबाईकडं. केशरबाई म्हणाली, "मला मंजुळामुळं कळलं."

बायजा आईच्या मांडीवरून उतरली.

"काय बोलली मंजुळा?" पंढरीनं विचारलं.

"कुठं काय बोलली?" केशरबाई म्हणाली. "काहीच बोलली नाय. मी विचारलं, गप. दगडाबायनं विचारलं, गप. खोबरं दिलं, तरी गप. आता तुम्हीच सांगा, माझी मंजुळा गप बसली, म्हणजे मयताहून कमी काय झालं असेल?"

अंगणातल्या लोकांनी विचार केला, आणि त्यांना ते बरोबर वाटलं. बायजानं मागच्या दाराकडं पाहिलं. मंजुळा पायरीवर गुडघे पोटाशी घेऊन तशीच बसली होती.

सोमवारी शिवराम गुरुजींनी नीलाबाईंना बोलावलं. खोलीचं दार उघडं होतं, त्यामुळे सातवीच्या वर्गाला सगळं ऐकू येत होतं.

"महिना पुरा व्हायच्या आत अख्खं गाव रडवलंत, बाई. जिवंत बाईला तिच्याच मयताचं जेवण वाढलं. मी तुम्हाला विचारलं होतं, ह्यातून तयार काय होणार? आता सांगा. काय तयार झालं?"

बाई म्हणाल्या, "मंजुळा गप्प बसली, गुरुजी."

पहिलीपासून गुरुजींनी तिला समजावून पाहिलं होतं, कोपऱ्यात उभं करून पाहिलं होतं, पट्टी आपटून पाहिली होती. ते उठले, भिंतीवरच्या फळ्यापाशी गेले, आणि वेळापत्रकात कार्यानुभवाच्या तासापुढं खडूनं लिहिलं, 'सोबत'. मग जरा विचार करून त्याखाली रेघ मारली. तो खडू मुलांनीच केलेला होता, त्यामुळे रेघ काढताना तो दोनदा मोडला.

मधल्या सुट्टीत टाकीजवळच्या पायरीवर कुणी नव्हतं. मंजुळा जाऊन तिथं बसली. सोबतीण म्हणून नाही. तिला स्वतःलाच बसायचं होतं. सगळ्या गोष्टी काळुरामनं स्वतः सांगून टाकल्या होत्या, गुपित असं काही उरलं नव्हतं, तरी तोंडातलं रताळं जागचं हललं नव्हतं. 'तूच बोललीस' हे शब्द त्यावर चिकटून बसले होते.

थोड्या वेळानं कुणीतरी शेजारी येऊन बसलं. मंजुळानं वर न पाहता ओळखलं. बायजानं डबा उघडला. आत दोन भाकऱ्या होत्या, एक गोल, आणि एक कुठल्याही बाजूनं गोल नाही अशी.

"वाकडी बापसानं केलीय," बायजा म्हणाली. "आयस बाजूला बसून सांगत होती."

तिनं ती वाकडी भाकरी मोडली, आणि मोठा तुकडा मंजुळाच्या हातावर ठेवला. मग दोघी टाकीवरच्या शेवाळाकडं पाहत बसल्या.

"बोल," काही वेळानं बायजा म्हणाली. "मी नाय कोणाला सांगणार."

आधी मंजुळाला रडू आलं. बायजा उठून गेली नाही. मग मंजुळानं फ्रॉकला नाक पुसलं, भाकरीचा तुकडा तोंडात टाकला, सावकाश चावून गिळला, आणि ती जी बोलायला लागली, ती घंटा झाली तरी थांबली नाही.